कॉलरच्या आतला त्रिकोण

लाँड्रीतल्या सगळ्यांना तिचं खरं नाव ठाऊक होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर कुणाला बोलावलंय म्हणून ती स्वतःच आधी मागे वळून बघायची. सव्वीस वर्षं टोकदार लाकडी काडीने कपड्यांवर खुणा करत आलेली, म्हणून ती काडीमावशी. मालक तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण मावशी म्हणताना त्याचीही जीभ कधी अडखळली नाही.

मागच्या दाराशी तिचं लांब टेबल, टेबलावर शाईची बुटकी बाटली आणि खाली मळक्या कपड्यांचे गठ्ठे. गठ्ठा सोडायचा, कपडा उलटा करायचा, काडी बुडवून खूण करायची, एक फुंकर घालायची आणि पुढचा घ्यायचा. ती शाई भट्टीत उकळली तरी जात नसे. एकदा खूण झाली की तो कपडा शंभर घरच्या कपड्यांत लोळून आला तरी शेवटी बरोबर आपल्या गठ्ठ्यात येऊन पडायचा.

नवी असताना तिने विचारलं होतं, सरळ आकडे का घालत नाही? तिला काम शिकवणारा म्हातारा एका डोळ्याने अधू होता आणि दिवसभर मुळा चावत बसायचा. त्याने आकडा घातलेला एक जुना टॉवेल तिच्यासमोर टाकला. "सहा की नऊ?" तिने टॉवेल फिरवून बघितला, परत फिरवला. टॉवेलाला डोकं कुठलं आणि पाय कुठले. म्हाताऱ्याने मुळ्याचा तुकडा मोडला. "म्हणून," तो म्हणाला. "आणि गोल काढायच्या भानगडीत पडू नकोस, गोलात शाई फुटते. धागा सरळ जातो, आपणही सरळ जायचं."

एवढंच ते शास्त्र. त्यामुळे तिच्या सगळ्या खुणा रेघांच्या: त्रिकोण, चौकोन, फुल्या, पायऱ्या, आणि त्यांच्या पोटात ठिपके. दातांच्या डॉक्टरांना करवतीचे तीन दाते. नऊ वर्षं एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन सख्ख्या भावांना पाठीला पाठ लावलेले दोन त्रिकोण, थोरल्याचा डावा भरलेला, धाकट्याचा उजवा. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाच्या इमारतीला उतरतं छप्पर होतं म्हणून त्याला त्रिकोण, आणि तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा म्हणून आत तीन ठिपके. अशी साडेतीनशे घरं तिच्या डोक्यात होती. तिला शेजारणीचा वाढदिवस आठवायचा नाही, पण कुणाच्या उशीच्या अभ्र्यावर किती ठिपके ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

मग मालकाने इस्त्रीचं नवं मशीन आणलं आणि तिथून सगळं बिनसलं. मशीन चांगलं होतं, पण शर्टाचं खालचं टोक त्याच्या जबड्यात असं घासलं जायचं की तिथल्या खुणा पुसट होऊ लागल्या. इतकी वर्षं खुणा तिथेच असायच्या, पँटीत खोचल्या जायच्या, कुणाच्या नजरेला पडायच्या नाहीत. आता काडीमावशीने त्या वर उचलल्या आणि कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेला टेकते तिथे, करायला सुरुवात केली.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी कारकुनाची बायको आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला शर्ट तिने स्वयंपाकघरातल्या चिमट्यात धरून आणला होता. तो टेबलावर टाकून तिने चिमट्यानेच कॉलर उघडली.

"हे कुणी केलं?"

"मी," काडीमावशी म्हणाली.

कारकुनाची बायको दोन पावलं मागे सरकली. समोरची नाही म्हणेल, मग आपण असं म्हणू, ती तसं म्हणेल, हे सगळं ती वाटेत जुळवून आली होती. कबुलीची तयारी तिने केलीच नव्हती.

"आमच्याशी काय वाकडं होतं तुमचं?"

"काहीच नाही. शर्ट तुमच्याच घरी परत यावा म्हणून खूण असते."

"अकरा वर्षं येतायत शर्ट. कधी नव्हती खूण."

"अकरा वर्षं होती. खाली होती. मशीनमुळे वर आणली."

"म्हणजे खालून वर चढत आली," कारकुनाची बायको हळूच म्हणाली. "दोन महिने ह्यांची मान धरलीय. आता कळलं. आणि हे तीन डोळे?"

"ठिपके आहेत. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता म्हणून."

"आम्ही कुठे राहतो तेही लक्षात ठेवलंय ह्यांनी," ती मालकाकडे वळून म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. शर्ट तिथेच टाकून ती निघून गेली. चिमटाही नेला नाही.

मालकाने तो चिमटा बाजूला सारला. "मावशी, तुम्ही नाही म्हणायचं ना."

"का? मीच केली."

"तरी."

काडीमावशीला राग आला नाही, नवल वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिला तिच्या कामाबद्दल इतके प्रश्न विचारले होते आणि तिने प्रत्येकाचं खरं उत्तर दिलं होतं. खऱ्या उत्तराने माणूस शांत होतो असा तिचा समज होता.

मानेचं कारण तिच्या लगेच लक्षात आलं. नवं मशीन कॉलरला खळ जास्त पाजत होतं, पुठ्ठा झाला होता कॉलरचा. तिने मशीन चालवणाऱ्याला सांगून खळ निम्मी केली, आणि तो शर्ट पुन्हा धुऊन, इस्त्री करून, चिमट्यासकट घरपोच पाठवला. कारकुनाची मान आठ दिवसांत मोकळी झाली. त्याच आठवड्यात त्याच्या कचेरीतल्या मुख्य कारकुनाने अचानक नोकरी सोडली, कारण त्याला मधमाश्या पाळायच्या होत्या, आणि त्या खुर्चीवर ह्याला बसवलं गेलं.

पुढच्या सोमवारी कारकुनाची बायको पुन्हा आली. ह्या वेळी हातात चिमटा नव्हता, अकरा शर्ट होते, त्यातले दोन नवे कोरे, आणि शिवाय उशांचे अभ्रे.

"हे तर मळलेले नाहीत," काडीमावशी म्हणाली.

"धुवायचे नाहीतच. नुसती ती खूण करून द्या. आणि मावशी, मागच्या वेळी मी काही बोलले असेन तर मनावर घेऊ नका. जरा गडद करा."

"मान खळीमुळे दुखत होती हो. मी कमी करायला लावली."

"हो, हो," कारकुनाची बायको म्हणाली, एखादी थोर बाई आपला मोठेपणा लपवते तेव्हा आपण म्हणतो तसं.

नोंदणी कचेरीत गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी रांगेत उभा राहतोच. जन्म, लग्न, घर, मरण, सगळं त्याच खिडकीत. नव्या मुख्य कारकुनाने कॉलर उलटून दोघातिघांना त्रिकोण दाखवला, आणि महिनाभरात बाजारात माणसं एकमेकांच्या कॉलरी उलटून बघू लागली. ज्याची खूण टोक वर करून होती तो ताठ चालू लागला. ज्याच्या खुणेचं टोक खाली होतं तो शर्ट घेऊन लाँड्रीत आला.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला चौकोन होता, कारण त्याचं दुकान म्हणजे चौकोनी खोकं. तो तक्रार घेऊन आला. "मावशी, हा सगळीकडून बंद आहे. माझं काही बाहेरच पडत नाही. मेहुणा दोन दिवसांसाठी आला, त्याला चार वर्षं झाली."

"मग मी काय करू?"

"एक कोपरा उघडा ठेवा."

तिने नव्या शर्टावर चौकोनाचा एक कोपरा न जोडता सोडून दिला. शाईही वाचली. चौथ्या दिवशी मेहुण्याला दुसऱ्या गावाहून पत्र आलं आणि तो आपला पोपटाचा पिंजरा घेऊन निघून गेला. पत्र खुणेच्याही आधी दहा दिवस टाकलेलं होतं, तसा पाकिटावर शिक्काच होता. घड्याळवाल्याने तो शिक्का स्वतः भिंग लावून वाचला आणि म्हणाला, "बघा, दहा दिवस आधीच कळलं चौकोनाला."

घरी नवऱ्याला ह्या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. तो बस डेपोतून निवृत्त झाला होता आणि त्याच्याकडे गंमत वाटून घ्यायला भरपूर वेळ होता. "अगं, मला मात्र कधी खूण केली नाहीस," तो म्हणायचा.

"तुमचे कपडे घरी धुते मी. जाणार कुठे?"

"तेही खरंच. मी तरी जाणार कुठे."

मग एक दिवस एक अभ्यासक आले. पूर्वी ते सायकलचे टायर विकायचे, पण दोन-तीन वर्षं गूढविद्येचं वाचन केल्यावर त्यांनी दाढी वाढवली होती, आणि लोक त्यांना प्रोफेसर म्हणत. त्यांच्याजवळ जाड वही आणि शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक होता. तो कोनमापक त्यांनी शर्टावर ठेवला, एक डोळा मिटून बघितलं आणि विचारलं, "ही विद्या कुणाकडून मिळाली?"

"आधी इथे जे होते त्यांच्याकडून."

"ते आता कुठे असतात?"

"वारले."

"कसे होते?"

"एका डोळ्याने अधू. मुळे खायचे."

प्रोफेसरांनी लिहिलं: एकाक्ष गुरू, कंदमुळांवर निर्वाह.

"तुमच्या आकृत्यांत वर्तुळ कुठेच नाही."

"शाई फुटते."

त्यांनी लिहिलं: वर्तुळ वर्ज्य, त्यातून द्रव्य फुटून बाहेर पडतं.

"आणि हा कोन दर वेळी एवढाच कसा?"

"हात तिथेच थांबतो."

ह्यावर प्रोफेसर काही क्षण लिहायचंच विसरले. मग त्यांनी वही मिटली, तिच्या शाईने काळ्या झालेल्या अंगठ्याकडे बघितलं आणि मान झुकवली. काडीमावशीचं लक्ष त्यांच्या बाहीच्या कडेकडे गेलं. मळाची रेघ बसली होती. कपडे घरीच धूत असणार, आणि तेही गार पाण्यात.

दोन महिन्यांनी त्यांचं पातळसं पुस्तक निघालं, पानापानावर खुणा आणि खाली त्यांचे गुण. काडीमावशीने ते टेबलाशी बसून सबंध वाचलं. त्यातली तिच्याबद्दलची एकही गोष्ट धडधडीत खोटी नव्हती. म्हातारा होता, मुळा होता, शाई फुटायची, हात थांबायचा, सगळं तिनेच सांगितलेलं. आणि तरी त्यात एक अक्षर खरं नव्हतं. हे कसं होतं ते कुणाला विचारावं, तेही तिला सुचेना. दातांच्या डॉक्टरांचे तीन दाते म्हणे पर्वत होते, आणि त्यांच्यामुळे शत्रूची वाणी बंद पडते.

त्याच सुमाराला नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. साधं ऑपरेशन, डॉक्टर म्हणाले, पण तो एरवी बोलायचा त्यापेक्षा कमी बोलू लागला, आणि पिशवी भरताना काडीमावशीच्या हातात त्याचा धुवट सदरा आला. कामावरून शाईची बाटली तिने घरी का आणली होती ते तिचं तिलाच ठाऊक. पुस्तकातलं नववं पान तिला पाठ होतं. दोन चौकोन एकात एक, तिरपे: आरोग्य. तिने ते कॉलरच्या आत काढले. फुंकर घातली. मग काडी पुन्हा बुडवली आणि त्यावरून दुसऱ्यांदा फिरवली.

"हे काय?" नवऱ्याने विचारलं.

"इस्पितळात कपडे बदलतात एकमेकांचे."

त्याने सदऱ्याची घडी केली आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला. ऑपरेशन नीट झालं, चौथ्या दिवशी तो घरी आला आणि आल्या आल्या बस डेपोतल्या जुन्या भांडणाची गोष्ट सांगायला लागला. काडीमावशीला हलकं वाटलं आणि लाजही वाटली. हरवू नये म्हणूनच करायची तर एक साधी फुली पुरली असती. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही.

पुस्तकाचं खरं संकट चौदाव्या पानावर होतं. त्रिकोणात त्रिकोण, मध्ये एक ठिपका: अडलेली कामं मार्गी लागतात. अडलेलं काम नाही असं घर कुठे सापडायचं? लोक पुस्तक उघडून टेबलावर ठेवू लागले आणि बोट टेकवून सांगू लागले, आमची जुनी खोडा, ही घाला. शिंपी आला, बेकरीवाला आला, शाळेचे मुख्याध्यापक छत्रीआड तोंड करून आले. दोघे भाऊ एकाच दिवशी आले, एक सकाळी, एक दुपारी.

"मालक," काडीमावशी म्हणाली, "चाळीस घरांना एकच खूण म्हणजे कुणालाच खूण नाही."

"गिऱ्हाइकाला हवंय ना?" मालक म्हणाला. दुकानात इतकी गर्दी त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"कपडे कुणाचे ते कळणार कसं?"

"तुम्हाला कळेलच," मालक म्हणाला, आणि तिच्या नजरेला नजर न देता पुढे गेला. कारकुनाच्या बायकोने त्याच्या कानात काही तरी घातलं होतं. हल्ली तो काडीमावशीची सावली अंगावर पडली तरी अंग चोरायचा.

गुरुवारी कपडे वाटायचा दिवस. चौदाव्या पानाच्या एकेचाळीस घरांचा मिळून एक ढीग झाला, माणसाच्या छातीइतका. काडीमावशीने सकाळपासून आकारावरून, शिवणीवरून, झिजलेल्या ढोपरावरून जेवढं ओळखता येईल तेवढं ओळखलं. उरलेलं लोकांनीच उपसायला घेतलं. कुणी वास घेऊन बघत होतं, कुणी पोटाला लावून. मुख्याध्यापक शेवटी बेकरीवाल्याची पँट घेऊन गेले. ती त्यांना दोन्ही हातांनी धरून चालावी लागली. दातांच्या डॉक्टरांना कुणाचा तरी शर्ट मिळाला तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला. नळदुरुस्तीवाल्याच्या वाट्याला कोण्या वकिलाचा काळा कोट आला. तो घालून तो कामाला गेला आणि त्या दिवशी कुणीही त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस केली नाही.

ढिगाच्या दोन बाजूंनी उपसत उपसत ते दोघे भाऊ समोरासमोर आले. थोरल्याच्या हातात एक विजार होती.

"ही तुझी का?"

धाकट्याने कंबर बघितली. "हो."

नऊ वर्षांत हेच काय ते बोलणं. विजार देऊन-घेऊन दोघे दोन दिशांना गेले, पण बघणारे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की चौदाव्या पानाने भाऊ बोलते केले. आणि मुख्याध्यापकांना बेकरीवाल्याची पँट मिळाली ह्यामागेही काही अर्थ असणार, तो पुढे कळेल. कपड्यांची अदलाबदल झाली म्हणून तक्रार करायला एक माणूस आला नाही. काडीमावशीला मनापासून वाटत होतं, कुणी तरी यावं आणि चार शब्द सुनवावेत.

कुणी आलं नाही, तेव्हा तिने शनिवारी बाजारातून रंगीत दोऱ्याची रिळं आणली. खूण लोकांना हवी ती राहू दे. तिने प्रत्येक कपड्याच्या खालच्या दुमडीत, आतून, नखाएवढे टाके घालायला सुरुवात केली. लाल एक टाका म्हणजे शिंपी, लाल दोन म्हणजे मुख्याध्यापक, हिरवा आडवा म्हणजे बेकरी. मान मोडून गेली, डोळे पाणावले, पण पुढच्या गुरुवारी एकेचाळीस घरचे कपडे एकेचाळीस घरी गेले, रुमालसुद्धा चुकला नाही.

"पाहिलंत?" कारकुनाची बायको रांगेतल्या लोकांना सांगत होती. "गेल्या वेळी नवी होती. आता खूण जागी झाली."

त्याच आठवड्यात प्रोफेसर दुसऱ्या आवृत्तीसाठी मोजमापं घ्यायला आले. कोनमापक फिरवता फिरवता एका शर्टाची दुमड उलगडली आणि त्यांचं बोट लाल टाक्यावर थांबलं.

"हे काय आहे?"

काडीमावशीने तोंड उघडलं. शिंप्याची खूण, असं अगदी ओठांवर आलं होतं. मग तिला पुढचं सगळं दिसलं: लाल रंग, एकच टाका, शिंपी, नवं पान, आणि त्या पानावर बोट ठेवून उभी राहिलेली रांग.

"धागा सुटलाय," ती म्हणाली.

"मग कापून टाका."

"टाकते."

प्रोफेसर पुढच्या कॉलरीकडे वळले. एवढंच झालं. वर्षभर ती लोकांना खरं सांगत आली होती आणि कुणाचा त्यावर विश्वास बसला नव्हता. पहिल्याच खोट्यावर माणसाने एक शब्द न विचारता वही बाजूला केली. आपण काही तरी चोरलंय असं तिला वाटलं. ते दुपारपर्यंत टिकलं. मग भूक लागली.

त्या संध्याकाळी मालक हिशोब लावत असताना ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो चटकन उठला, हल्ली उठायचाच.

"मालक, मला पाठ असलेली खुर्ची हवी. सव्वीस वर्षं स्टुलावर बसतेय. आता शिवणही करते, कंबर राहत नाही. आणि टेबल खिडकीशी हलवा, मला दिसत नाही."

हे तिने पूर्वीही सांगितलं होतं, तीन-चारदा, आणि दर वेळी मालक बघू म्हणाला होता. आता त्याचा चेहरा उतरला. "नाही केलं तर?" त्याने अगदी घाबरत विचारलं.

काडीमावशीला खरं म्हणजे म्हणायचं होतं, की नाही केलं तर माझी पाठ दुखेल. पण दुपारपासून ती थोडी वेगळी झाली होती.  तिने कमरेला खोचलेली काडी काढली, पदराने पुसली आणि परत खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल खिडकीशी होतं आणि सुतार माप घ्यायला आला होता. पाठीची उंची घेतली, हातांची घेतली, मग पेन्सिल कानामागे खोचून तो अडखळला.

"मावशी, बैठक चौकोनी चालेल ना? का त्यात काही दोष असतो?"

ती गठ्ठा सोडत होती. "बसता आलं म्हणजे झालं," ती म्हणाली. सुताराने मान डोलावली, पण जाताना हे वाक्य कागदावर लिहून घेऊन गेला.